गाडीचा ‘सेल्फ’ आणि चार्ल्स केटरिंग: दोष शोधणाऱ्या इंजिनिअरची गोष्ट

स्कूटी असो, बाईक असो की कार, आपण बटण दाबतो किंवा किल्ली फिरवतो आणि गाडी स्टार्ट होते. याला आपल्याकडे सगळे ‘सेल्फ’ म्हणतात. पूर्ण नाव सेल्फ-स्टार्टर. रोज वापरतो, पण त्याची आठवण येते ती एखाद्या सकाळी ऑफिसला उशीर झालेला असताना सेल्फ मारला आणि नुसतं ‘टक’ वाजलं की मगच.

कारमध्ये हा सेल्फ आणणाऱ्या इंजिनिअरचं नाव चार्ल्स केटरिंग. हेन्री फोर्ड आपल्या सगळ्यांना माहीत असतात, केटरिंग यांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही. अमेरिकेत त्यांच्या नावाचं एक शहर आहे, विद्यापीठ आहे आणि जगातल्या नामांकित कॅन्सर हॉस्पिटलपैकी एकाच्या नावातही ते आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा निम्मा दिवस नवीन कोड लिहिण्यात जातो आणि निम्मा बग शोधण्यात. त्यामुळे केटरिंग यांनी काय काय शोधलं यापेक्षा ते दोष कसा शोधायचे, हे मला जास्त भारी वाटतं. पण याच माणसाच्या आयुष्यात एक दोष असा आला की त्याचा उपाय सापडला, आणि तो उपायच जगाला महागात पडला. आज या दोन्ही गोष्टी पाहूया. मध्ये तुमची गाडी स्टार्ट होत नसेल तर काय तपासायचं तेही सांगतो.

अधू डोळ्यांचा मुलगा

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. डोळे लहानपणापासून अधू. थोडं जास्त वाचलं की डोकं ठणकायचं. शाळा संपल्यावर ते काही काळ खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. नंतर इंजिनिअरिंग शिकायला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेले, पण डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच सोडावं लागलं.

मग त्यांनी टेलिफोनची लाइन टाकणाऱ्या टोळीत काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. अर्धवट शिकलेल्या मुलाची वाट इथेच संपली असं कोणालाही वाटलं असतं. पण मोकळ्या हवेतल्या या कामाने तब्येत सुधारली आणि विजेची गोडी लागली. ते परत कॉलेजात गेले आणि १९०४ मध्ये, २७ व्या वर्षी, इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. वर्गातली बाकीची मुलं त्यांच्यापेक्षा बरीच लहान होती.

डिग्री मिळताच ओहायोतल्याच डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. कॅश रजिस्टर म्हणजे दुकानातला हिशोब करणारा यांत्रिक गल्ला. इथे त्यांनी दोन मजेशीर गोष्टी केल्या. पहिली म्हणजे उधारी तपासायची सिस्टीम. मोठ्या दुकानातला सेल्समन आपल्या काउंटरवरूनच टेलिफोनने ऑफिसला विचारणार की या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं का, आणि ऑफिसातल्या माणसाने होकार दिला की काउंटरवरच्या बिलावर शिक्का उमटणार. आज आपण कार्ड स्वाइप करतो तेव्हा मागे जे चालतं, त्याचं हे शंभर वर्षांपूर्वीचं रूप म्हणा ना.

दुसरी गोष्ट म्हणजे विजेवर चालणारा गल्ला. तोपर्यंत प्रत्येक बिलाला हाताने दांडा फिरवावा लागायचा. केटरिंग यांनी तिथे छोटी मोटर बसवली. ही मोटर लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

हँडल मारायचे दिवस

त्या काळी कार स्टार्ट करायची म्हणजे पुढे जाऊन, वाकून, लोखंडी हँडल जोर लावून फिरवायचं. आपल्याकडच्या जुन्या ट्रक आणि जीपना असं हँडल मारताना आजोबांनी नक्की पाहिलं असेल.

हे हँडल मारावं का लागायचं? पेट्रोल इंजिन थांबलेल्या अवस्थेतून आपलं आपण सुरू होऊ शकत नाही. आधी पिस्टनने हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढायचं, मग ते दाबायचं, आणि मग ठिणगी पडली की स्फोट होऊन पिस्टन ढकलला जातो. म्हणजे पहिला स्फोट होण्याआधीच इंजिन फिरायला हवं. ते पहिले फेरे बाहेरून कोणीतरी द्यावे लागतात.

यात धोका असा होता की ठिणगीची वेळ ड्रायव्हरने एका छोट्या दांड्याने हाताने ठरवायची. ठिणगी लवकर पडली, तर वर येत असलेला पिस्टन उलटा मागे फेकला जायचा. त्याच्याबरोबर हँडलही उलटं फिरायचं. अंगठा मोडणं, मनगट मोडणं हे नेहमीचं. बायरन कार्टर नावाचे एक कार-उद्योजक १९०८ मध्ये वारले, आणि हँडलच्या अशाच झटक्याने त्यांना इजा झाली होती अशी गोष्ट डेट्रॉइटमध्ये सांगितली जाते. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांना हँडलची कटकट आपल्या गाड्यांतून कायमची घालवायची होती.

लेलंड यांच्याशी केटरिंग यांची ओळख आधीच झाली होती. कंपनीतले सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात केटरिंग आणि काही मित्र ऑफिस सुटल्यावर गाड्यांच्या विजेवर प्रयोग करत. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट! त्यातून बॅटरीवर चालणारी इग्निशन सिस्टीम तयार झाली आणि ती कॅडिलॅकने घेतली. १९०९ मध्ये डीड्स आणि केटरिंग यांनी मिळून ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. या नावाच्या अक्षरांवरून झालं डेल्को.

ती इग्निशन सिस्टीम आपल्याही ओळखीची आहे. बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो, ‘पॉइंट’ उघडले की करंट एकदम तुटतो, आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीत, म्हणजे मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत, हीच पद्धत होती. पॉइंट घासणं, गॅप सेट करणं हे शब्द जुन्या मेकॅनिकच्या तोंडी अजून ऐकू येतात.

सगळे म्हणत होते जमणार नाही

विजेच्या मोटरने इंजिन फिरवायचं ही कल्पना नवी नव्हती. पण जाणकारांचा हिशोब सरळ होता. इंजिन फिरवायला लागणारी ताकद मोजा, तेवढ्या ताकदीची मोटर निवडा. असं केलं की मोटर जवळजवळ इंजिनाएवढी मोठी होते आणि तिला पुरणारी बॅटरी गाडीत मावत नाही. गणितात काहीच चूक नव्हती.

केटरिंग यांनी गणिताला हात लावला नाही, त्याआधीचं गृहीतक तपासलं. मोटरचा आकार ठरवताना ती तासन् तास चालणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तासन् तास चालणारी मोटर तापते, म्हणून ती मोठी लागते. पण इंजिन स्टार्ट करायला किती वेळ लागतो? काही सेकंद. तेवढ्या वेळापुरता छोट्या मोटरवर भरमसाट भार टाकला तरी ती जळण्याइतकी तापायच्या आत काम संपलेलं असतं. गल्ल्यातली मोटर हेच तर करत होती. क्षणभर जोर, मग आराम.

फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकवर पहिला सेल्फ बसवून दाखवला गेला आणि १९१२ च्या मॉडेलपासून तो गाडीसोबतच मिळू लागला. त्यात एकच यंत्र दोन कामं करायचं. आधी मोटर बनून इंजिन फिरवायचं, आणि इंजिन चालू झालं की तेच जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायचं. स्टार्ट करताना बॅटरीच्या जोडण्या बदलून २४ व्होल्ट मिळायचे, नंतर चार्जिंग आणि दिव्यांसाठी ६ व्होल्ट. आजकाल अनेक नव्या स्कूटर खर्र आवाज न करता शांतपणे स्टार्ट होतात ना? त्यांच्यातही मोटर आणि जनरेटर एकच असतो. म्हणजे आयडिया १९१२ ची!

सेल्फमुळे ताकद नसलेल्या कोणालाही कार चालवता येऊ लागली. गाडी चालवणाऱ्या बायकांची संख्या वाढायलाही मदत झाली. पण एक नुकसानही झालं. त्या काळात इलेक्ट्रिक कारचा मोठा फायदा हाच होता की हँडल मारावं लागत नाही. पेट्रोल गाडीला सेल्फ मिळाला आणि इलेक्ट्रिक कारचा हा फायदा संपला. विजेच्या मोटरनेच विजेच्या गाडीला मागे ढकललं.

तुमची गाडी स्टार्ट होत नाहीये?

आता इथे जरा थांबूया, कारण केटरिंग यांचा हा सेल्फ समजला की अर्धे दोष आपले आपल्याला ओळखता येतात. गाडी स्टार्ट व्हायला तीन गोष्टी लागतात: इंजिन फिरलं पाहिजे, पेट्रोल पोहोचलं पाहिजे आणि योग्य वेळी ठिणगी पडली पाहिजे. यातलं नक्की काय अडलंय ते आवाजावरून आधी ठरवा. पार्ट बदलायचा विचार त्यानंतर.

१. टक-टक-टक आवाज येतोय, इंजिन फिरत नाही: हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टर्मिनलची पकड सैल आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलीय का पाहा. मेकॅनिक लोक सगळ्यात आधी टर्मिनल हलवून बघतात ते याचसाठी.

२. एकदाच जोरात ‘टक’, आणि दिवे मंद होत नाहीत: बॅटरी बहुतेक ठीक आहे, पण करंट मोटरपर्यंत जात नाहीये. संशय सेल्फच्या मोटरवर किंवा तिच्या सोलेनॉइडवर.

३. काहीच आवाज नाही, पण दिवे चांगले लागतायत: क्लच दाबलाय का, गाडी न्यूट्रलला आहे का, बाईकचा साइड स्टँड वर आहे का, किल स्विच बंद आहे का ते पाहा. कार असेल तर किल्लीची चिप ओळखली जातेय का तेही पाहा. बऱ्याचदा गाडीत दोष नसतोच. सुरक्षिततेसाठी ठेवलेला एखादा स्विच सेल्फला अडवत असतो.

४. इंजिन मस्त फिरतंय पण पेटत नाही: मग सेल्फ आणि बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल किंवा ठिणगी, या दोनपैकी एक येत नाहीये.

पहिल्या प्रकारात लोक हमखास फसतात. हॉर्न वाजतोय, दिवे लागतायत, मग बॅटरी कशी खराब असेल? कारचे हेडलाइट साधारण ८ ते १० अँपिअर घेतात आणि सेल्फ सहज १०० अँपिअरच्या वर जातो. तुमच्या जुन्या फोनचं आठवा. २० टक्के चार्ज दाखवतो, पण कॅमेरा उघडला की फोन बंद! बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. थोडा करंट ती देते, एकदम जास्त मागितला की व्होल्टेज कोसळतं. गाडीच्या बॅटरीचंही तेच.

आणि एक टीप. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. ही मोटर छोटी का ठेवता आली ते आपण वर पाहिलंच: ती थोडाच वेळ चालणार असं धरून बनवलीय. तुम्ही मिनिटभर बटण धरून बसलात तर मूळ अटच मोडली, आणि मोटर जळते.

दुसरा दोष: इंजिनातली ठोकठोक

आता केटरिंग यांच्याकडे परत येऊ. नव्या इग्निशनच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि तक्रार सुरू झाली. चढावर, भार आला की इंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखी ठोकठोक ऐकू यायची. याला म्हणतात नॉकिंग. अशाने ताकद कमी होते आणि इंजिन खराबही होऊ शकतं. दोष कोणाचा? लोकांचं बोट केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनकडे. शेवटचा बदल त्यात झाला होता ना! आमच्या क्षेत्रातही असंच असतं, शेवटचं अपडेट ज्याने टाकलं तो पहिला आरोपी.

शेतावरच्या घरांना वीज पुरवणारे डेल्कोचे छोटे जनरेटर केरोसीनवर चालवले की त्यातही हीच ठोकठोक व्हायची. १९१६ मध्ये डेल्कोत आलेल्या थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरवर केटरिंग यांनी हे काम सोपवलं.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यांनी थेट इंजिनाच्या आत डोकावायचं ठरवलं. सिलिंडरला खिडकी बसवली आणि आतल्या ज्वाळेचे फोटो घेतले. फिल्म फिरवायला टोमॅटोचा रिकामा डबा वापरला होता म्हणतात. दिसलं ते असं: ठिणगी वेळेवरच पडत होती. ज्वाळा पसरायला सुरुवातही नीट होत होती. पण ती शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी तिथलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकत होतं. ठोकठोक त्या दुसऱ्या स्फोटाची होती. म्हणजे इग्निशन निर्दोष, दोष इंधनाचा.

उत्तर बरोबर, कारण चूक

यानंतरचा किस्सा डीबगिंग करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. मिजली आणि केटरिंग यांना वाटलं, इंधन लाल रंगाचं केलं तर ते उष्णता लवकर शोषेल, लवकर वाफ होईल आणि नॉकिंग थांबेल. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडिन टाकलं. नॉकिंग थांबलं!

बरेच जण इथे थांबले असते. बग गेला, तिकीट बंद. पण त्यांनी उलट बाजूने तपासलं. दुसरे लाल रंग टाकून पाहिले, काहीही फरक नाही. मग आयोडिन असलेलं पण रंग नसलेलं रसायन टाकलं, तर नॉकिंग पुन्हा थांबलं. म्हणजे रंगाचा काही संबंधच नव्हता. त्यांची कल्पना साफ चुकीची होती, पण त्या चुकीतून एक पक्की गोष्ट हाती लागली: अगदी थोडं रसायन मिसळून इंधनाचं जळणं बदलता येतं.

आयोडिन महाग होतं आणि धातू खायचं. मग शोध सुरू झाला. शेकडो पदार्थ झाले. टेल्युरियमचं रसायन चाललं, पण त्याला लसणासारखा उग्र वास, तोही अंगाला आणि कपड्यांना चिकटून बसणारा. शेवटी ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड हे शिशाचं रसायन इंजिनात टाकलं आणि ठोकठोक एकदम बंद झाली. एका गॅलनला चमचाभरसुद्धा पुरत होतं.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं ‘एथिल’. नावात शिशाचा पत्ता नाही.

न विचारलेला प्रश्न

शिसं विषारी असतं हे तेव्हा माहीत होतं का? होतं. शिशाचं काम करणारे कामगार आजारी पडतात हे फार जुनं ज्ञान आहे. मिजली यांना स्वतःला १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेमुळे सुट्टी घ्यावी लागली होती. १९२४ मध्ये एथिल कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. आणखी कित्येकांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डेटन आणि डीपवॉटर इथल्या कारखान्यांतही माणसं गेली.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकारने परिषद बोलावली. विक्री तात्पुरती थांबली. कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी धोका स्पष्ट सांगितला. त्यांचा मुद्दा फक्त कारखान्याचा नव्हता. प्रत्येक गाडीच्या धुरातून हे शिसं रस्त्यावर येणार, त्याचं काय? केटरिंग आणि कंपनीची बाजू अशी होती की काळजी घेतली तर हे रसायन सुरक्षित हाताळता येतं आणि इंजिनांना त्याची गरज आहे. समितीने थोड्या महिन्यांची पाहणी केली, बंदीसाठी पुरेसा पुरावा नाही म्हटलं आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. अल्कोहोल मिसळलं तर नॉकिंग कमी होतं हे याच लोकांनी तपासलेलं होतं. पण अल्कोहोल बरंच जास्त मिसळावं लागतं आणि ते कोणीही बनवू शकतं. शिशाचं रसायन थोडंसंच पुरतं आणि त्याचं पेटंट घेता येतं. आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसापासून बनलेलं. इथेनॉलने नॉकिंग कमी होतं, हा गुण शंभर वर्षांपूर्वीच माहीत होता.

इंजिनातून बाहेर पडलेलं शिसं नाहीसं होत नाही. ते हवेत, मातीत, धुळीत आणि माणसाच्या रक्तात, हाडांत जमत गेलं. सगळ्यात जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं. १९६० च्या दशकात क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने दाखवलं की वातावरणातलं शिसं माणसामुळे प्रचंड वाढलंय. तरी ते काढायला पुढे कित्येक वर्षं लागली. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि २००० मध्ये ते देशभर लागू झालं. पंपावर पूर्वी ‘अनलेडेड’ अशी पाटी असायची ती यामुळेच. जगात सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जेरियाने गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल बंद केलं. डेटनच्या त्या पंपापासून हिशोब केला तर ९८ वर्षं.

मला इथे अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे की केटरिंग यांची पद्धत वाईट नव्हती, ती उत्तम होती. त्यांनी लोकांचा आरोप तपासला, इंजिनात डोकावून पाहिलं, आपलीच आवडती कल्पना खोटी ठरवली. पण ही सगळी कसोटी इंजिनाच्या आतल्या भागाला लावली. आत ठोकठोक थांबली का? थांबली. बाहेर नळीतून जे निघतंय ते कुठे जातंय, हा प्रश्न दुसऱ्यांनी विचारला तेव्हा त्याला तितक्याच कठोरपणे भिडले नाहीत. ज्या कंपनीचे आपण अध्यक्ष आहोत तिच्याच मालातला दोष शोधणं, हे इंजिनाला खिडकी पाडण्यापेक्षा अवघड काम असणार.

नंतरची वर्षं

डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये गेली आणि केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत त्यांच्या संशोधन विभागाचे प्रमुख राहिले. सगळंच यशस्वी झालं असं नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या फिन्सनी हवेवर थंड होणारं त्यांचं इंजिन १९२३ मध्ये शेव्हरोले गाड्यांत आलं. डेटनमधल्या चाचण्यांत ते पटत होतं, पण गाड्या लोकांच्या हातात गेल्यावर इंजिनं तापू लागली आणि कंपनीला त्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्या मशीनवर चालतं पण युजरकडे बंद पडतं, हे दुखणं सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीचं आहे! १९३० च्या दशकात त्यांच्या टीमने रेल्वेसाठी हलकं आणि ताकदवान डिझेल इंजिन बनवलं. अमेरिकेतली वाफेची इंजिनं जाण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावावर १८० हून जास्त पेटंट आहेत.

१९४५ मध्ये जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची संस्था उभी केली. आज ती मेमोरियल स्लोन केटरिंगचा भाग आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह कॅन्सरने गेल्या. नोव्हेंबर १९५८ मध्ये, ८२ व्या वर्षी, केटरिंग यांचं निधन झालं. शिशाच्या पेट्रोलचा पूर्ण हिशोब जगासमोर यायचा तेव्हा बाकी होता.

आपण यातून काय घ्यायचं?

गाडी बंद पडली की कोणीतरी म्हणतं बॅटरी बदला, कोणी म्हणतं सेल्फ गेला. फोन हळू चालायला लागला की कोणी म्हणतं फॉरमॅट मारा. अशा वेळी केटरिंग यांच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे: आधी लक्षण नीट ऐका, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, आणि उपाय चालला तरी तो का चालला ते तपासा.

आणि त्यांच्याकडून राहिलेली एक गोष्ट आपण या यादीत स्वतः जोडायची. दोष गेल्यावर एकदा विचारायचं, हा उपाय आता दुसरीकडे कुठे काय करतोय? ॲप फास्ट झालं, पण बॅटरी कोण खातंय? नवी सोय फुकट मिळाली, पण आपला डेटा कुठे जातोय? गाडी स्टार्ट झाली, तर मागे नळीतून काय निघतंय?

हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. बेवेच्या रिफायनरीत पाच माणसं मेली तेव्हा तो मोठ्याने विचारणाऱ्यांत एक डॉक्टर बाई सगळ्यात पुढे होत्या.